पाण्याखालचं छप्पर

आमच्या ढोकीकडच्या जुन्या माणसांच्या गोष्टींत नदी नेहमी आडवी येते. बाळंतिणीला माहेरी आणायचंय, तर तेरणा आडवी. बाजाराला निघालेली गाडी, तर मध्येच ओढा फुगलेला. मृगाच्या पहिल्याच पावसात वऱ्हाड अलीकडं अडकलं आणि मांडव पलीकडं ताटकळला, ही गोष्ट तर मी निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या नवरा-नवरीच्या नावानं ऐकलेली आहे.

या गोष्टींत पूल जवळपास नसतोच. असतो तो उतार. पात्र पसरट, तळ खडकाळ आणि काठ बैलाला चढता येईल असा, ती जागा उताराची. कुठल्या उताराला किती पाणी आलं की गाडी घालायची नाही, हे आमच्या आबांना पाठ होतं. बैलाच्या गुडघ्यापर्यंत चालतं. पोटाला पाणी लागलं की गाडी तरंगू लागते, चाक तळ सोडतं, मग बैल कितीही गुणाचा असो. पाण्यावरून काटक्या, पाचोळा, फेस येऊ लागला तर काठापासूनही मागं सरायचं, कारण वर कुठंतरी जोराचा झालाय आणि लोंढा वाटेत आहे. फारच निकड असली तर पट्टीचे पोहणारे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून माणसाला पलीकडं नेत. आबांच्या थोरल्या बहिणीला असंच एकदा नेलं होतं. ती म्हातारपणीही ते सांगताना दोन्ही हातांनी पदर घट्ट धरायची.

हे सगळं किती जुनं असेल? ढोकीहून तेर जवळ. तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात या शहराचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठं शहर, आणि तिथलं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून पार भडोचच्या बंदरापर्यंत जातं, असं तो लिहिणारा सांगतो. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे, हे सगळे अभिमानानं सांगतात. मला मात्र त्या गाड्या दिसतात. तेरपासून भडोचपर्यंत किती नद्या! तगरचे गाडीवान नक्की काठावर उभे राहून पाण्यावरचा पाचोळा बघत असणार. दोन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं आणि माझे आबा एकाच विद्येचे धनी होते, असं मला मनापासून वाटतं.

गोरोबाकाकांची यात्रा तेरला चैत्र वद्यात भरते. समाधिमंदिर तेरणेच्या काठाला. त्या दिवसांत पात्र कोरडं पडलेलं, माणसं वाळूतून चालत देवाला जायची. तेव्हा वर्षातले चार महिने नदी भीतीदायक आणि उरलेले आठ महिने नदी नाहीच, असा हा मुलूख. अशा ठिकाणी पूल कुणी आणि कशासाठी बांधावा?

बांधला तो रेल्वेनं. बार्शी लाईट ही आमच्या भागातली अरुंद गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा तुकडा सुरू झाला. 1907 मध्ये गाडी तडवळ्याला पोचली आणि 1911 मध्ये ढोकीवरून लातूरला गेली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. कॅलथ्रॉपचं खरं कसब पुलांच्या बाबतीत दिसतं. इंजिन असो की डबा, चाकांच्या कुठल्याच जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. भार सगळीकडं सारखा वाटला गेला की रूळ हलके चालतात, पूलही हलके चालतात आणि गरीब मुलखातही रेल्वे परवडते. त्याचं म्हणणं इतकं पटण्यासारखं होतं की पुढं खुद्द इंग्लंडमध्ये, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे 1904 साली सुरू झाली, ती बार्शीच्याच धर्तीवर. बार्शीकडून काहीतरी शिकून विलायतेनं रेल्वे बांधली, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आज्जीच्या तोंडी मात्र कॅलथ्रॉप नव्हता, रुळाचा पूल होता. ओढ्याला पाणी आलं की बाया डोक्यावर पाटी घेऊन रुळावरून पलीकडं जायच्या. दोन सिलपाटांच्या मधून खालचं लाल पाणी पळताना दिसे. "खाली बगायचं न्हाई," आज्जी सांगायची, "म्होरल्या बाईच्या टाचंकडं बगायचं." गाडीचा आवाज कानावर आला तर कुठं थांबायचं हेही ठरलेलं असे. त्या काळी ढोकी निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजी अमलात. म्हणजे त्याच गाडीनं जाणाऱ्याला वाटेत राज्य बदलायचं, करोडगिरीच्या नाक्यावर बोचकं सोडून दाखवायचं. पण पावसाळ्यात ओढा ओलांडायला मिळालेला पहिला पक्का आधार म्हणून आमच्या घरातल्या बायकांनी त्या पुलाला मनोमन दुवा दिला. गाडी 2007-08 च्या सुमारास रुंद झाली. अरुंद रुळाबरोबर आज्जीचे ते पूलही गेले.

आता तात्यांबद्दल. तात्या आमच्या गल्लीतले सुतार. आता नव्वदीला टेकलेत, हात थरथरतात, पण लाकडावर नजर पडली की तीच धार. माझ्या चुलतभावाची मुलगी अमेरिकेत व्हरमाँट राज्यात असते. तिथल्या खेड्यांतून लाकडी पूल आहेत, शंभरच्या आसपास, आणि त्या पुलांना भिंती आहेत, वर उतरतं छप्पर आहे. लांबून बघावं तर नदीवर कुणी कोठार आडवं ठेवलंय असं वाटतं. तिनं पाठवलेला फोटो मी घरी सगळ्यांना दाखवला. कुणी म्हणालं, बर्फ पडतो म्हणून असेल. कुणी म्हणालं, घोडं पाण्याला बुजू नये म्हणून. तात्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि लगेच म्हणाले, "मानसासाठी न्हाई गं ते. लाकडासाठी हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लिहून ठेवलंय. पाण्यात कायम बुडालेलं लाकूड टिकतं. म्हणून विहीर बांधताना तळाशी जांभळाचं निमचक घालायचं, वर कितीही पिढ्या पाणी शेंदून जावोत. कायम कोरडं लाकूडही टिकतं. माळवदाखालचे लग पणज्यानं घातलेले असतात आणि पणतू त्यांना झोपाळा बांधतो. कुजतं ते मधलं, आज भिजलेलं, उद्या वाळलेलं, परवा पुन्हा भिजलेलं. आधी चीर पडते, चिरीत पाणी बसतं, पाण्यामागून बुरशी आणि तिच्यामागून वाळवी येते. "पाऊस लाकडाला मारीत न्हाई," तात्या म्हणाले, "भिजिवतो-वाळिवतो, भिजिवतो-वाळिवतो, त्यानं मरतं ते."

अमेरिकेत हीच गोष्ट 1805 साली फिलाडेल्फियाजवळ स्कूलकिल नदीवर उमगली. टिमोथी पामर या मिस्त्रीनं तिथं मोठा लाकडी पूल उभारला. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड पीटर्स यांनी आग्रह धरला की याला भिंती आणि छप्पर घाला. तिथून ती रीत गावोगाव पसरली. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत खिळखिळा व्हायचा, झाकलेला शंभरी ओलांडायचा. स्वित्झर्लंडमध्ये लुसर्न शहरातला असा पूल तर चौदाव्या शतकातला. भूतानमध्येही नदीवर छपराचे लाकडी पूल आहेत. जिथं डोंगरउतारावर सरळसोट झाडं, बारमाही नदी आणि वर्षभर ओल, तिथं हे सुचणं साहजिक.

आमच्याकडं सागाची तुळई लांबून आणायची, तीही घराच्या माळवदाला कशीबशी पुरायची. बाभूळ भरपूर, पण ती गाडीच्या कामाची, नदी ओलांडण्याइतकी सरळ वाढत नाही. दगड मात्र पायाखाली हवा तेवढा. तरी लाकूड झाकलं तर टिकतं, याचा दाखला आमच्या तेरलाच आहे. उत्तरेश्वराच्या विटांच्या जुन्या देवळाची कोरीव लाकडी चौकट शतकानुशतकं राहिली, ती आडोशाला होती म्हणून. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात मी तात्यांना घेऊन गेले होते. कोरीवकामाकडं बघायच्या आधी त्यांनी लाकडाची शीर कुठल्या बाजूनं धरलीय ते पाहिलं.

लुसर्नचा पूल 1993 च्या ऑगस्टमध्ये जळाला. पुढच्याच महिन्यात, 30 सप्टेंबरच्या पहाटे, आमच्याकडं भूकंप झाला. तिकडच्या लोकांनी वर्षाच्या आत जुन्या पद्धतीनं पूल पुन्हा उभा केला. आमच्या भागात माळवदं उतरवली गेली, पत्रे आले, पुढं स्लॅब आले. यात दोष कुणालाच देता येणार नाही. पांढऱ्या मातीचा तो भार आणि दगडाच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या होत्या. पण लग, किलच, खण ही सगळी विद्या त्या मातीबरोबर गेली. तात्यांकडं त्यानंतर माळवदाचं काम फारसं कुणी घेऊन आलं नाही.

त्या फोटोनंतर मी तात्यांना विचारलं होतं, आपल्याकडं नाहीच का असा पूल, ज्याच्या आतून माणूस नदी ओलांडेल आणि भिजणार नाही? तात्या काही बोलायच्या आत आज्जी पलीकडून म्हणाली, "हाय की. नळदुर्गाला."

नळदुर्ग आमच्याच जिल्ह्यात, पण पाणी वेगळं. मध्ये बालाघाटचा डोंगर. आमची तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. नळदुर्गची बोरी नदी भीमेला मिळते, तिथून कृष्णेला. आज्जीचं नळदुर्गला जाणं खंडोबासाठी. तिथला देव काही काळ नळदुर्गला आणि बाकीचे महिने अणदूरला असतो. पौष पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा. लहानपणी आम्हाला घेऊन ती यात्रेला जायची, भंडारा उधळून झाला की किल्ल्यात न्यायची. किल्ल्याची आजची दगडी तटबंदी पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली, म्हणजे 1558 नंतरची. नळ राजा आणि दमयंती यांची गोष्ट आज्जी सांगायची ती मात्र तटबंदीच्याही आधीची, किल्ल्याच्या नावाशी जोडलेली.

किल्ल्याच्या शेजारी नदीपलीकडं रणमंडळ नावाचा छोटा किल्ला आहे. दोहोंच्या मधून बोरी वाहते. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं इथं 1613 साली, मीर इमादीन या कारागिराच्या हातून, नदीच्या आरपार काळ्या घडीव दगडांचा बंधारा घातला. बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालत एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात जाता येतं. म्हणजे हा पूलच. पण हा पूल नदीला वाट देत नाही, तिला धरून ठेवतो. वरच्या अंगाला साठलेलं पाणी किल्ल्याला वर्षभर पुरायचं. तळं भरलं की जास्तीचं पाणी माथ्यावरून दोन ठिकाणी खाली कोसळतं. या दोन धबधब्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आणि या दोहोंच्या मध्ये, बंधाऱ्याच्या पोटात, पाणीमहाल आहे.

दगडी जिना खाली उतरतो. आत कमानी, छोटी दालनं, नदीच्या खालच्या अंगाला उघडणारी गवाक्षं. पाठीमागच्या भिंतीपलीकडं अख्खं तळं दाबून उभं आणि पुढं दोन्ही बाजूंना नदी कोसळतेय. आत बसलेल्या माणसाच्या अंगावर तुषार सोडले तर थेंब येत नाही. आम्ही यात्रेला गेलो की पौष असायचा, पाणी ओसरलेलं, त्यामुळं लहानपणी मी ते दालन कोरडं आणि शांतच पाहिलं. आज्जीनं मात्र तिच्या तरुणपणी एका श्रावणात नर-मादी वाहताना पाहिले होते. "बोललेलं ऐकू येत न्हाई," ती म्हणायची, "पन भिंतीला हात लावला की पानी हाताला कळतं." मोठी झाल्यावर एका चांगल्या पावसाच्या वर्षी मीही गेले. भिंतीला हात लावला. खरंच कळतं. तो दगड सतत बारीक कापत असतो.

तेव्हा व्हरमाँटच्या फोटोचा अर्थ मला लागला. त्यांनी पुलाला छप्पर घातलं कारण त्यांचा शत्रू वरून पडणारं पाणी. पाणी लाकडाला लागू नये म्हणून त्यांनी एवढी खटपट केली. आमच्या मुलखाचा शत्रू नेमका उलटा, न येणारं पाणी. म्हणून इथं ज्याच्याकडं ताकद आणि कारागीर दोन्ही होते त्यानं पूल असा बांधला की नदी ओलांडता ओलांडता ती अडवलीही जाईल. तिकडं पाण्यावर छप्पर, इकडं छपरावर पाणी. मीर इमादीननं लाकडी पूल बघितला होता की नाही, कुणास ठाऊक. पण दुष्काळी मुलखाचा पूल कसा असावा हे त्याला पुरतं कळलं होतं, आणि त्यात बसून पाऊस बघायला एक जागा ठेवण्याइतका तो रसिकही होता. राजाच्या विलासासाठी केलं, असं कुणी म्हणेल. असेलही. पण विलासाची जागा नेमकी पाण्याच्या कामाच्या पोटात घातली, वेगळी बाग काढून नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

1853 च्या तहानं हा भाग निजामाकडून कंपनी सरकारकडं गेला आणि 1860 मध्ये परत निजामाकडं आला. त्या मधल्या वर्षांत फिलिप मेडोज टेलर इथं अधिकारी होता. ठगांवरची त्याची कादंबरी प्रसिद्ध आहे, आणि तुळजापुरात घडणारी ‘तारा’ही. तो किल्ल्यातच राहायचा. आपल्या आत्मचरित्रात त्यानं या किल्ल्याबद्दल ज्या आपुलकीनं लिहिलंय, तेवढी आपुलकी आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांनी कमी दाखवली, याची मला खंत वाटते.

बोरीवर दुसराही एक पूल होता, सोलापूर-हैदराबाद रस्त्याचा. त्याची गोष्ट आत्याकडून आली. आत्याचं सासर नळदुर्गच्या बाजूचं. रझाकारांच्या धास्तीनं त्या भागातल्या अनेकांनी घरं सोडून सोलापूर, बार्शीकडची हद्द गाठली होती. आत्याचे सासरे तेव्हा पोरगे, गुरांसाठी मागं राहिलेले. 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे सोलापूरच्या दिशेनं घरघर ऐकू आली ती थांबेचना. भारतीय सैन्य आत येत होतं. हैदराबादच्या सैन्याला बोरीवरचा पूल उडवून वाट बंद करता आली असती. भाद्रपदात नदीला पाणी असतं, रणगाडे अडकले असते. पण सातव्या ब्रिगेडनं इतकी चपळाई केली की पूल शाबूत हाती लागला, आणि त्यानंतर दुसऱ्या शीख पलटणीनं नळदुर्गवर हल्ला चढवला. 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. आत्याचे सासरे मात्र शेवटपर्यंत तो पूल दाखवताना म्हणायचे, "ह्यो पडला असता तर आमचं काय झालं असतं?" नदी आडवी येण्याच्या गोष्टी मी जन्मभर ऐकल्या. नदी आडवी आली नाही म्हणून सुटका झाली, अशी ही एकच.

मग 1972 चा दुष्काळ. आज्जी तेव्हा खडी फोडायला जायची. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. आमच्या भागातल्या कितीतरी सडका, पाझर तलाव, ओढ्यांवरच्या मोऱ्या त्या दोन वर्षांतल्या. मजुरीबरोबर सुकडी मिळे, रेशनला तांबडी मिलो. ज्यांच्या नद्या आटल्या होत्या त्यांनीच नदीवर मोऱ्या बांधल्या. आज्जीच्या हातावर छिन्नीचे पांढरे वण शेवटपर्यंत होते. त्या सडकेवरून ढोकीच्या कारखान्याला ऊस जाताना बघून ती म्हणायची, "ही माझी खडी." पुलावर मीर इमादीनचं नाव राहिलं. या बायकांचं नाव कुठल्याच मोरीवर नाही, आणि आता घराघरांतल्या म्हाताऱ्या गेल्यावर ते मिळणारही नाही. ज्यांच्या घरी अशी कुणी अजून आहे त्यांनी आजच बसून विचारावं, कुठल्या सडकेवर होतीस, मुकादम कोण होता, मोरीला दगड कुठून आणला.

तात्यांनी शेवटी व्हरमाँटच्या पोरीला एक प्रश्न फोनवरूनच विचारला होता, छपराच्या त्या पुलांची डागडुजी कोण करतं? ती म्हणाली, बहुतेक पूल गावाच्या मालकीचे. मार्चमध्ये गावसभा भरते, त्यात खर्च ठरतो, फळ्या बदलतात, छप्पर बदलतात. तात्यांनी पुढं विचारलं, जुनी फळी काढली की तिच्या मापाची नवी कापणारा सुतार गावात आहे का? ती म्हणाली, आहेत काही, नव्या पोरांना शिकवतातही. तात्या बराच वेळ त्यावरच बोलत राहिले. नळदुर्गचा बंधारा चारशे वर्षं उलटली तरी उभा आहे, पण दगडाच्या सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप वेळेवर उपटायला आणि सांध्यात चुना भरायला दरवर्षी हात लागतात. चुना मळणारे आमच्याकडं अजून आहेत. तात्यांनी मला त्यांतल्या दोघांची गावं सांगितली आहेत.